बेबीचं खातं

तिगाव
३० ऑक्टोबर २०२५

दादा,

तुया बेबीचा नमस्कार. भाऊबीज करून मी खुशाल घरी पोचली. पांढुर्ण्याच्या बसमधी एका बुढ्यानं मले उठून जागा देल्ली, तवा समजलं का मी बी म्हातारी दिसाले लागली. त्याच्या तोंडात दात असते तं उलीसं हासून पाह्यलं असतं.

साडी चांगली आहे. पण संत्र्याच्या रंगाची काहून घेतली बाप्पा? हे नेसून तुया बगीच्यात उभी राहिली तं तोडणारे मले बी क्रेटमधी भरतील अन् नागपूरच्या मंडीत माया भाव काढतील. विधवेले असा रंग देल्ला म्हणून वहिनीची मावशी तोंड वाकडं करून राहिली होती. म्हणून तं मी तिच्यासमोरच नेसून पाह्यली.

फोन काहून नाही केला म्हणशील. तुया कानाच्या पायी तू फोन स्पीकरवर ठेवते. मंग मायी गोष्ट वहिनी ऐकते, वहिनीची भिशीवाली ऐकते, बगीच्यातले मजूर ऐकते. मागच्या टायमाले मी म्हटलं गुडघा दुखते, तं तुया आंगणातून कोन्या माणसानं मले तेलाचं नाव सांगितलं. म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं.

गोष्ट विशालची आहे. तो मस्कतले गेला तवापासून त्याचा पैसा तुया खात्यात येते अन् तू मले आणून देते. रुपयाभराची तक्रार नाही. पण भाऊबीजेच्या ओवाळणीवर तू त्याचा पैसा बी ठेवला ना, तवा मले कसंतरीच झालं. पोरानं कमावलं अन् मायनं भावाच्या हातून घेतलं. पहिल्या टायमाले त्यानं माया खात्यात पाठवला होता, तो वापस गेला. तू म्हटलं, पांढुर्ण्याच्या ब्रांचले बाहेरदेशाचा कोड नाही. बरं, नसन. पण मंग तू ते दुसरं सांगितलं, का विशालच म्हणते, मायजोळ पैसा टिकत नाही, मामाकडेच पाठवतो. ते मायाच्यानं गिळल्या जात नाही दादा. वर्ष होत आलं, मी त्याच्याशी फोनवर जेवला का, झोपला का, एवढंच बोलते अन् ठेवून देते. ज्याले मायवर भरोसा नाही त्याच्याशी अजून काय बोलू?

तू त्याले समजाव. तुयं ऐकते तो. म्हणजो, एक वेळ तरी मायच्या नावानं पाठव. थोडा पाठव, पण तिच्या नावानं.

अन् हो, पांढुर्ण्याच्या बाजारात मालती भेटली, तुया होणाऱ्या व्याहीणबाई. तुया कुणालसाठी तिची पोरगी चंचल पक्की होऊन राहिली म्हणून भल्ली खुश. म्हणते, तुमच्या भाच्याचा संत्रा बाहेरदेशी जाते म्हणे. म्या म्हटलं, जात असन बाई, आमच्या दादाचा आवाज बी सौंसरहून छिंदवाड्यालोक जाते. पण दादा, कुणालचा संत्रा कवापासून विमानात बसाले लागला?

तुयी
बेबी


सौंसर
७ नोव्हेंबर २०२५

बेबी,

अनेक आशीर्वाद. तुयं पत्र भेटलं. वहिनीले वाचून दाखवलं, भिशीवालीचं तेवढं सोडून.

तू कोडच्या भानगडीत नको पडू. बाहेरदेशातून पैसा येते तवा बँकेचा एक इंग्रजी कोड लागते. मोठ्या शहरातल्या ब्रांचले राहते तो. तुयी ब्रांच पडली लहान. माया बँकेचं नागपूरले मोठं ऑफिस आहे, म्हणून माया खात्यात बरोबर उतरते. शिकलेल्या लोकाइचे हे काम होय. तू चौथी शिकली, मी दहावी, मायाच डोकं चक्रावते तं तुयं काय.

विशालवर राग नको धरू. जवान पोट्टा आहे, त्याले वाटते माय भोळी आहे. वाटू दे. मी मधात आहे तं तुले कायची चिंता? मी त्याले सांगून पाहीन, पण आता नको. त्याचं कामाचं टेन्शन सुरू आहे.

कुणालनं उलीसा माल बाहेर पाठवाले सुरुवात केली आहे. बाया वाढवून सांगते. ७ डिसेंबरले त्याचं साक्षगंध ठरलं, मालतीच्याच घरी. आत्याबाईचा मान पहिला, संत्र्याची साडी नेसून येजो. फक्त एक सांगतो. तिथी विशालच्या मस्कतची गोष्ट काढू नको. एका घरचे दोन पोट्टे बाहेरदेशाले लागले म्हटलं का लोकाइची नजर लागते. एवढं भावाचं ऐक.

तुया
दादा


तिगाव
१२ नोव्हेंबर २०२५

विशाल बाबू,

तुया मायचे आशीर्वाद. हे पत्र शेजारची पूनम फोटो काढून तुले पाठवून राहिली. तिले म्या सांगितलं, फोटो काढताना वाचू नको. ती म्हणे काकू, तुमचं अक्षर वाचता येत असतं तं मी डॉक्टर झाली असती.

बाबू, मी तुले एक विचारते अन् तू मले सरळ सांगजो. तू लहान होता तवा चोरून गूळ खात होता अन् मी विचारलं का तोंड पुसत होता. तसं तोंड पुसू नको.

तुले मायवर भरोसा नाही का? मी कवा पैसा उधळला? तुया बाबाच्या आजारपणात जे गेलं ते गेलं, ते तं तुले माहीत आहे. मामा म्हणते का तूच म्हटलं, मायजोळ पैसा नको. मी तुले वर्षभर विचारलं नाही. आता मामा म्हणते, कुणालच्या साक्षगंधात विशालचं नावच काढू नको. स्वतःच्या पोराचं नाव काहून नाही काढाचं मी? तू तिथी असं काय केलं बाबू, का तुया मामाले तुयं नाव सांगाची लाज वाटाले लागली? मले झोप येत नाही. जे असन ते लिही.

तुयी
माय


मस्कत
१५ नोव्हेंबर २०२५

माय,

तुयं पत्र ड्यूटीवर असताना आलं. बाथरूममधी जाऊन वाचलं. तुले मोबाईलचे बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी बी कागदावर लिहून फोटो पाठवून राहिलो. पूनमले म्हण, मोठं करून छापून दे.

मी तसं कवाच म्हटलं नाही. तुयी शपथ. मलेच मामांनी सांगितलं का माय म्हणते, माया खात्यात नको पाठवू, गावात समजलं का लोकं दारात येते. अन् म्हणे, फोनवर पैशाची गोष्ट काढू नको, तिले बाबाची याद येते, दिवसभर रडते. मंग तू फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देत होती, तवा मले वाटलं मामा खरंच सांगत असन. मले वाटत होतं तुले माया पैसाच नको, मी बाहेर आलो म्हणून तू नाराज आहे. रूममधले पोट्टे आपल्या मायशी तास-तास बोलते. मी बाहेर जाऊन बसतो.

अजून एक. पहिल्या टायमाले पैसा वापस आला, तो कोडच्या पायी नाही. इथच्या पैसे पाठवणाऱ्या माणसानं मले तवाच सांगितलं होतं. कोड बरोबर होता, पैसा नागपूरलोक पोचला होता. तिथून वापस फिरला, कारण मी लिहिलेलं नाव अन् खात्यावरचं नाव जुळलं नाही. मी प्रमिला लिहिलं. माया मार्कशीटवर मायचं नाव तेच आहे. मामांना हे सांगितलं तं ते म्हणे, पासबुक पाहून सांगतो. मंग त्यांनी कोडचंच सांगितलं, अन् मामा म्हटल्यावर मी पुन्हा काय विचारू?

माय, मामा लाडानं म्हणते ते सोडून कागदावर तुयं दुसरं काही नाव आहे का?

विशाल


तिगाव
२१ नोव्हेंबर २०२५

दादा,

मी पांढुर्ण्याच्या बँकेत जाऊन आली. तिथी सुचिता मॅडम आहे, पूनमएवढीच पोरगी. मी तिले म्हटलं, बाई, तुमच्या ब्रांचले कोड नाही म्हणे, तं मंग एवढा पंखा, एवढे काच कायले लावले? ती हासली अन् मले बाजूले बसवून चहा पाजला. दादा, तो कोड काही भूत नोहे. पहिले चार अक्षर बँकेचे, मंग दोन देशाचे, मंग दोन गावाचे, अन् मांगून ब्रांचचे. म्या म्हटलं, हे तं लग्नाच्या पत्रिकेसारखं झालं, घराणं, मुलूख, गाव अन् मोहल्ला. मॅडम म्हणे, काकू, लहान ब्रांचले आपला कोड नसते, खरं आहे. पण आमच्या नागपूरच्या मोठ्या ब्रांचचा कोड लिहिला का झालं. पैसा तिथी उतरते, मंग खाते नंबर अन् नाव पाहून इकडे येते. चौथीवालीच्या डोक्श्यात एका चहात बसलं. दहावीवाल्याचं डोकं काहून चक्रावलं, ते मले आता समजून राहिलं.

मंग तिनं मायं खातं काढून पाह्यलं अन् विचारलं, काकू, बेबी तुमीच ना?

हो बाई, म्या म्हटलं, मीच.

दादा, ते खातं तूच उघडून देल्लं होतं, विशालचे बाबा गेले तवा. माया नावाचा एकच कागद होता, आपल्या शाळेचा दाखला, त्यावर बेबी. तूच फारम भरला, मी फक्त सही केली. सासरी तं लग्नाच्या दिवशी त्यांनी तांदळाच्या ताटात आंगठीनं प्रमिला लिहिलं, अन् तवापासून सारं गाव मले प्रमिला म्हणते, माया पोरगा बी प्रमिलाच लिहिते. माय-बापूजी गेल्यावर या दुनियेत बेबी म्हणणारा एकच माणूस राहिला. त्याले विशालनं विचारलं, नाव काहून जुळत नाही मामा. अन् तो माणूस म्हणे, पासबुक पाहून सांगतो.

तू पासबुक पाहून सांगणार होता, मायं नाव? प्रत्येक पत्रावर तूच लिहिते ते?

बँकेतून निघाली तं पाय आपोआप मालतीच्या घराकडे गेले. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं. म्हणे, आमाले तं पहिले भरोसा नोता, पण तुमच्या देवीदासभाऊंनी पासबुक उघडून दाखवलं. मस्कतचा व्यापारी दर महिन्याले कुणालच्या संत्र्याचा पैसा टाकते. मी तिथी बसून चिवडा खात होती.

तू पैसा खाल्ला असता तं मी समजली असती, माणसाले भूक लागते. तू माया पोरगा लपवला अन् त्याची मेहनत आपल्या पोराच्या आंगावर घातली. अन् ते झाकाले मायलेकराले एकमेकाचं खोटं सांगितलं. तिकडे तो रूमच्या बाहेर जाऊन बसते. इकडे मी त्याचा फोन ठेवून द्यायची अन् भिताडाले पाहत राहायची. तुयासमोरच ठेवला होता ना मी एक वेळ, रक्षाबंधनाले? तू म्हटलं होतं, जाऊ दे बेबी, पोट्टे असेच राहते.

मले उत्तर पाहिजे. स्पीकरवर नको.

बेबी


सौंसर
२६ नोव्हेंबर २०२५

बेबी,

काय लिहू. तू लिहिलं ते खरं आहे.

पहिले मनात काही नोतं. नाव जुळत नाही असं विशालनं सांगितलं तवा मी समजलो होतो. म्हटलं, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू, तोवर माया खात्यात येऊ दे. तेवढ्यात कुणालसाठी एक पाहुणे आले. तुले माहीत आहे पोट्टा कसा आहे. झाडाकडे पाहून माल किती निघन ते सांगते, दारूची बाटली हातात धरत नाही. पण जिथी जाओ तिथी एकच विचारते, नोकरी आहे का? बगीच्याचं काम करते म्हटलं का चहा बी आर्धा ठेवून उठते. त्या पाहुण्यानं टेबलावरचं पासबुक उघडून पाह्यलं अन् विचारलं, हे मस्कतहून काय येते? माया तोंडातून निघून गेलं. ते स्थळ जमलं नाही, पण गोष्ट फिरली, अन् मंग माया हातातून गेली. तुमी दोघं मोकळे बोलले असते तं पैसा तुया खात्यात गेला असता, म्हणून ते बाकीचं बोललो.

एक रुपया माया घरात राहिला नाही, हे तूच लिहिलं.

साक्षगंध होऊ दे. लगन झालं का मी स्वतः विशालले फोन करून सांगीन अन् तुया दारात येऊन पाया पडीन, मोठा असून. कुणालले यातलं आर्धंच माहीत आहे. त्याचं नाव पाळण्यात तूच ठेवलं होतं, बेबी. त्याच्या कानात पहिले तूच बोलली. त्या पोट्ट्याच्या तोंडाकडे पाह्य. एक दिवस चूप बस.

तुया
दादा


तिगाव
१४ डिसेंबर २०२५

देवीदासभाऊ,

साक्षगंध काहून पुढे गेलं, ते तुमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपल्या मनानं सांगितलं असन. मायाकडून बी ऐका. म्हणून लिहून राहिली.

वहिनी म्हणते म्हणे, मी भर मांडवात बोलणार होती. नाही. मी साक्षगंधाच्या पहिलेच मालतीच्या घरी गेली, संत्र्याची साडी नेसून. चंचलच्या आज्याले, भिवाजीबुवाले, अन् मालतीले बसवून सांगितलं का ते पासबुक माया भावाचं, पण त्यातली कमाई माया पोराची. तो मस्कतले एसी दुरुस्त करते. कुणालचा संत्रा नागपूरच्या मंडीत जाते, तिथून पुढे कुठी जाते ते संत्र्यालेच माहीत. मालती मले म्हणे, सख्ख्या भावाचं घर मोडाले आल्या का? मले बी तेच वाटून राहिलं होतं.

तवा चंचल आतून आली. तिनं मले एवढंच विचारलं, आत्याबाई, त्यांना झाडाचं खरंच कळते का?

म्या म्हटलं, ते खरं आहे. त्याच्यासारखं सौंसरात कोनाले कळत नाही.

ती म्हणे, मंग तेच काहून नाही सांगितलं?

भाऊ, तुमच्या पत्रावर मले उत्तर सुचलं नोतं. ते त्या पोरीनं देल्लं. तिनं कुणालले एकट्याले बोलावलं आहे, बापाच्या वावरातले झाडं दाखवाले. तो परवा जाऊन आला म्हणते. पुढे जमन का नाही मले माहीत नाही. कुणाल मायाकडे येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्या म्हटलं, तुयं नाव म्या ठेवलं, तुले दारातून वापस लावीन का? जेवू घातलं.

तुमी माफी मांगाची म्हटली होती, लगन झाल्यावर. म्हणजे खोट्यावर पोरगी घरात आली का मंग. अशी माफी मले घ्यायची नाही. रुपया खाल्ला नाही हे तुमी लिहिलं. त्याचं मी काय करू? विशालच्या आवाजाचं एक वर्ष तुमच्याकडे आहे. ते कोन्या खात्यातून काढून द्याल?

आता मी अन् विशाल रोज बोलतो. पहिल्या दिवशी दोघं बी रडलो, मंग मी त्याले विचारलं, गूळ भेटते का तिथी? तो हासला. लय दिवसांनी ऐकलं ते हासणं.

त्यानं या टायमाले नागपूरचा कोड लिहिला, माया खाते नंबर लिहिला, अन् नावाच्या जागी बेबी लिहिलं. मी बँकेत बसली होती. सुचिता मॅडमनं काउंटरवरून आवाज देल्ला, बेबी कोन आहे, मस्कतहून पैसा आला. लाइनमधले सारे लोक लहान पोरगी कुठी आहे म्हणून खाली पाहाले लागले. मी उभी राहिली. पांढरे केस, गुडघ्यावर हात, अन् म्हटलं, मीच होय ते पोरगी. सारी बँक हासली, मी बी हासली. मंग घरी येऊन दरवाजा लावून घेतला.

साडी वापस पाठवत नाही. रंग मले आवडला. पण पुढच्या भाऊबीजेले मायी वाट पाहू नका, अन् राखी पोस्टानं येईन असं बी नका समजू.

अन् एक शेवटचं. मायनं ठेवलेलं ते नाव तुमच्याजोळ होतं, म्हणून मले वाटे का माय-बापूजीचं घर अजून उघडं आहे. तुमाले ते नाव विचारलं तवा तुमी लपवलं. आता मले बेबी म्हणाले माया पोरगा आहे, बँक आहे. तुमी म्हणू नका.

तुमी बी गावासारखं प्रमिलाबाई म्हणा.

प्रमिला